बुद्ध होऊन गेले का? एका वादाचा आढावा

धर्मसंस्थापकाच्या ऐतिहासिकतेचा वाद वरवर एकाच प्रश्नाचा वाटत असला, तरी त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात: त्या नावाची व्यक्ती होऊन गेली का, तिच्या चरित्रातील घटना घडल्या का, आणि तिच्या तोंडी असलेला उपदेश तिचाच आहे का. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर लादले की भाविक आणि संशयी दोघेही सारखेच चुकतात. गौतम बुद्धांविषयी सुमारे पावणेदोनशे वर्षे चाललेली चर्चा या दृष्टीने फार बोधप्रद आहे, कारण तिच्यात ग्रंथ, शिलालेख आणि उत्खनन या तिन्ही प्रकारच्या पुराव्यांची कसून पारख झाली.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांना बुद्ध परिचित झाले ते मुख्यतः श्रीलंका, नेपाळ, तिबेट आणि चीन येथील ग्रंथांतून. त्यांच्या जन्मभूमीत मात्र त्यांचा धर्म जवळजवळ लोप पावला होता आणि त्यांची स्थळे विस्मृतीत गेली होती. निर्वाणाच्या वर्षाबाबत या ग्रंथांत शतकानुशतकांचे अंतर होते आणि चरित्रातील नावेही रूपकासारखी भासत होती. मातेचे नाव माया आणि पुत्राचे नाव सिद्धार्थ, म्हणजे ज्याचा हेतू सिद्धीस गेला तो. यावरून संस्कृतज्ञ होरेस हेमन विल्सन यांनी १८५० च्या दशकात शाक्यमुनी ही व्यक्ती काल्पनिकही असू शकेल, अशी शंका मांडली. पुढे १८७५ मध्ये फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी बुद्धचरित्रातील अद्भुत प्रसंग, महापुरुषाची बत्तीस लक्षणे आणि चक्राचे प्रतीक यांचा संबंध प्राचीन सूर्यकथांशी जोडला. सेनार यांनी मूळ व्यक्तीचे अस्तित्व सर्वस्वी नाकारले नव्हते, परंतु डच पंडित हेंड्रिक केर्न यांनी तोच धागा पुढे नेऊन जवळजवळ सारे चरित्र आकाशातील ज्योतींच्या रूपकात विरघळवून टाकले.

या मताला पद्धतशीर उत्तर दिले ते जर्मन अभ्यासक हेर्मान ओल्डेनबर्ग यांनी १८८१ मध्ये. सेनार यांचा आधार प्रामुख्याने ललितविस्तरासारख्या उत्तरकालीन, अलंकृत चरित्रांवर होता; ओल्डेनबर्ग यांनी पाली त्रिपिटकातील जुन्या थरांकडे लक्ष वेधले. तेथे सलग चरित्र नाहीच, प्रसंगांचे विखुरलेले तुकडे आहेत आणि ते पुष्कळ साधे आहेत. अरियपरियेसन सुत्तात गृहत्यागाचे वर्णन मोजक्या वाक्यांत येते: आईवडील रडत असताना तरुण गौतमाने केस उतरवले, काषाय वस्त्रे घातली आणि घर सोडले, रात्रीचे पलायन नाही, सारथी छन्न नाही, कंथक घोडाही नाही. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची सुप्रसिद्ध कथा महापदान सुत्तात येते, पण ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहे. उलट महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांचे, थकलेले शास्ते चुंद लोहाराकडील भोजनानंतर आजारी पडतात, आणि कुसिनारासारख्या आडगावात देह ठेवू नये म्हणून शिष्य आनंद त्यांना विनवतो. गौरवासाठी रचलेल्या कथेत असे अडचणीचे तपशील कोणी मुद्दाम घालत नाही. म्हणून अनुयायांना गैरसोयीची वाटेल अशी माहिती अधिक विश्वसनीय मानण्याचा जो निकष इतिहासकार वापरतात, तो येथे लागू पडतो.

दुसरा आधार प्रतिस्पर्ध्यांच्या परंपरेतून मिळाला. पाली सुत्तांतील निगंठ नातपुत्त म्हणजेच जैनांचे वर्धमान महावीर, ही ओळख हेर्मान याकोबी यांनी पक्की केली. जैन आगमांतील श्रेणिक आणि कूणिक हे राजे बौद्ध ग्रंथांतील बिंबिसार आणि अजातशत्रू आहेत. परस्परांशी वाद घालणाऱ्या दोन संप्रदायांनी एकच काळ, तेच राजे आणि तोच मगधाचा परिसर जपून ठेवावा, यामागे केवळ सूर्यकथा असणे फार कठीण आहे.

१८९६ च्या डिसेंबरमध्ये नेपाळच्या तराईत लुंबिनी येथे सम्राट अशोकाचा स्तंभलेख उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोकाने स्वतः येऊन येथे पूजा केली, कारण शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले, असे तो लेख सांगतो आणि गावाला दिलेली करसवलतही नोंदवतो. या पुराव्याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. जवळच्याच निगाली सागर येथील स्तंभावर अशोकाने कोनागमन या पूर्वबुद्धाचा स्तूप वाढवल्याचे कोरले आहे, आणि कोनागमनाला कोणीही ऐतिहासिक व्यक्ती मानत नाही. म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात लोक कशावर श्रद्धा ठेवत होते हे स्तंभ निश्चित सांगतो. त्या श्रद्धेमागील घटना तो एकटा सिद्ध करू शकत नाही. १८९८ मध्ये पिपरहवा येथील स्तूपात विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांना सापडलेल्या अस्थिकरंडकावरही ब्राह्मी लेख आहे, आणि त्याचा अर्थ 'बुद्धांच्या अस्थी' की 'बुद्धांच्या आप्तांच्या अस्थी' असा वाद तेव्हाच उभा राहिला. पुढे लुंबिनीच्या मायादेवी मंदिराखाली उत्खनन करणाऱ्या पथकाने २०१३ मध्ये इ.स.पू. सहाव्या शतकातील लाकडी बांधकामाच्या खुणा जाहीर केल्या, तेव्हाही ते पूजास्थान बौद्धच होते का, हा प्रश्न काही अभ्यासकांनी रास्तपणे विचारला.

मराठीत या चिकित्सेला स्वतंत्र परंपरा आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी श्रीलंकेत जाऊन भिक्खू झाले आणि तेथे त्यांनी पालीचे अध्ययन केले. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी श्रद्धा ढळू न देता चरित्रातील दंतकथा बाजूला काढल्या: शुद्धोदन हे शेती करणाऱ्या शाक्यांपैकी एक होते, महाराजा नव्हते, आणि गृहत्यागाच्या मुळाशी शाक्य व कोलिय यांच्यातील कलह होता, असे प्रतिपादन त्यांनी केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाचे कारण म्हणून येतो आणि चार दृश्यांची कथा बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली जाते. ज्यांनी बुद्धांना मनापासून शरण जाणे पत्करले, त्यांनीच कथेची सर्वांत कठोर छाननी केली, ही या परंपरेची मोठी देणगी आहे.

काळाविषयी अजूनही एकमत नाही. सिंहली इतिवृत्तांनुसार निर्वाण आणि अशोकाचा अभिषेक यांत २१८ वर्षांचे अंतर पडते, तर उत्तरेकडील काही परंपरांनुसार ते सुमारे शंभरच वर्षांचे आहे. पारंपरिक गणनेतील इ.स.पू. ५४४ हे वर्ष धरून १९५६ मध्ये निर्वाणाची अडीच हजार वर्षे साजरी झाली आणि त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा घडला. परंतु १९८८ मध्ये ग्यॉटिंगेन येथे हाइन्झ बेखर्ट यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेनंतर अनेक अभ्यासकांचा कल निर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास मानण्याकडे झुकला. कॅनडातील अभ्यासक डेव्हिड ड्र्यूज यांनी २०१७ मध्ये मूळ शंकाच पुन्हा उभी केली: बुद्धांना कोणत्याही निश्चित घटनेशी जोडता आलेले नसताना त्यांना ऐतिहासिक म्हणण्याचा आधार कोणता? या आक्षेपाचे मोल आहे. तथापि ही कसोटी कठोरपणे लावली, तर प्राचीन भारतातील राजांव्यतिरिक्त फारच थोड्या व्यक्ती इतिहासात उरतील.

आरंभीच्या तीन प्रश्नांना म्हणूनच तीन वेगळ्या बळाची उत्तरे देणे प्रामाणिकपणाचे ठरते. विशिष्ट नियमांनी बांधलेला भिक्खुसंघ अशोकापूर्वीच अस्तित्वात होता, आणि त्या संघाच्या प्रारंभी शाक्य कुळातील एक शास्ता होता, हा निष्कर्ष उपलब्ध पुराव्याचा सर्वांत सरळ अर्थ आहे. चरित्रातील पुष्कळसे प्रसंग नंतरच्या भक्तीने रचले. उपदेशाचा गाभा जुना आहे, पण त्याचे शब्द कित्येक पिढ्यांच्या मुखांतून फिरून आलेले आहेत. विल्सन यांच्या शंकेने कोणाचा बुद्ध हिरावला गेला नाही. त्या शंकेला उत्तर देताना अभ्यासकांना जुने थर उकलावे लागले, आणि त्यांतून आजारपणातही चालत राहणारा, शेवटी एका लहानशा गावात दोन सालवृक्षांमध्ये आडवा झालेला वृद्ध माणूस अधिक स्पष्ट दिसू लागला.