अंगणातलं पाणी बळ्ळारी नाल्यात जातं तेव्हा

बेळगाव : वळवाची पहिली सर येऊन गेली की टिळकवाडी, शहापूर, वडगावच्या गल्ल्यांतून गढूळ पाणी गटारात उतरतं. ‘त्यात काय, पावसाचंच पाणी ते’ असं म्हणून कोणी तिकडं बघत नाही. पण उन्हाळाभर अंगणात साठलेलं सगळं याच सरीत धुऊन निघतं. सुटी माती, कुंड्यांचं खत, वाळवीचं औषध, कुत्र्यांची घाण, गाडीखाली सांडलेलं ऑइल, सगळंच. त्यामुळं पहिल्या पावसाचं वाहतं पाणी सगळ्यात घाण असतं.

हे पाणी जातं कुठं? संडास-न्हाणीचं पाणी ड्रेनेजच्या पाइपात जायला हवं. उघड्या गटाराचं मात्र कुठलीही प्रक्रिया न होता नाल्यात पोचतं. शहरातलं बरंचसं पाणी बळ्ळारी नाल्यात उतरतं. नाला मार्कंडेय नदीला, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते. वाटेत शहापूर-वडगावचं भातशिवार आहे. नाला फुगला की हेच पाणी पिकात शिरतं आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत रोप कुजतं. निपाणीकडची गोष्टही तशीच. वेदगंगा भुदरगडातून येते, मुरगूडवरून निपाणी तालुक्यात उतरते आणि दूधगंगेतून कृष्णेला जाते. मुरगूडच्या परड्यातलं खत निपाणीच्या वाट्याला, निपाणीचं त्याच्या खालच्या गावांना. हद्दीचा वाद कोर्टात आहे, पाणी त्यासाठी थांबत नाही.

नदी-नाल्यांत मिसळणारं मैलापाणी हे मोठं दुखणं, यात शंका नाही. त्यापुढं अंगणाचा वाटा लहानच. पण मैलापाण्यासाठी महापालिकेकडं बोट दाखवावं लागतं, अंगणाचं काम आपल्याच हातात आहे.

हिशेब साधा आहे. हजार चौरस फूट अंगणात एक इंच पाऊस पडला की सुमारे 2300 लिटर पाणी होतं, म्हणजे दोनशे लिटरची अकरा-बारा पिंपं. अंगण मातीचं आणि झाडांचं असेल तर यातलं बरंच जिरतं. फरशी नाहीतर काँक्रीट असेल तर जवळपास सगळं गटारात. साध्या पेव्हर ब्लॉकचीही तीच गत, खाली काँक्रीट आणि सांध्यात सिमेंट भरलं असेल तर जिरणार कुठून? गेल्या काही वर्षांत चिखल नको म्हणून घरोघरी हेच बसवलं गेलं. पुसायला सोपं, हे खरं. पण गाडी उभी राहते तेवढीच जागा पक्की करून बाकी माती मोकळी ठेवता येते.

जुन्या घरांच्या परड्यात याची सोय न सांगता असायची. न्हाणीचं पाणी अळू, केळ, कर्दळीच्या आळ्यात सोडलेलं असे. पागोळीच्या पाण्यासाठी आज तेच करायचं. जमिनीच्या उतारावर, घराच्या पायापासून दहा फूट लांब, सहा इंच खोल पसरट खळगा काढायचा आणि त्यात कर्दळ, अळू, वाळा लावायचा. वाळ्याची मुळं माती धरून ठेवतात. आड किंवा बोअरवेलच्या शेजारी मात्र हा खळगा नको. खतातला नायट्रेट पाण्याबरोबर झिरपतो आणि पिण्याच्या पाण्यात उतरतो.

आधी माती तपासावी. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरून एकदा जिरू द्यावा, मग पुन्हा भरून दुसऱ्या दिवशी बघावं. तांबड्या मातीत तो बहुधा रिकामा मिळेल. शहापूरकडच्या काळ्या चिकण मातीत पाणी तसंच उभं राहतं. तिथं खळगा जास्त रुंद, कमी खोल ठेवावा आणि वरच्या थरात वाळू व शेणखत भरपूर मिसळावं. दोन दिवसांत पाणी गेलं तर डासांची भीती नाही, त्यांना अंड्यातून बाहेर पडून उडायला आठवडाभर लागतो.

खताच्या बाबतीत एक जुनी सवय नडते. पाऊस येणार म्हटलं की लोक युरिया, डीएपी टाकून मोकळे होतात, ‘आपोआप मुरतंय’ म्हणून. रिमझिम असेल तर मुरतंही. जोराच्या सरीत ते थेट गटार गाठतं. डीएपीतलं स्फुरद मातीच्या कणांना चिकटून वाहतं आणि तळ्यात पोचलं की शेवाळ माजवतं. हिरवं झालेलं तळं सीमाभागातल्या कोणाला नवं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं याच कारणासाठी हिरवळीच्या खतातल्या स्फुरदावर निर्बंध आणले, 2005 पासून सगळ्या राज्यात. आपल्याकडं कायद्याची वाट बघायची गरज नाही. चार जास्वंदी आणि एक लिंबू यांना कुजलेलं शेणखत पुरतं.

निपाणीत आणखी एक गोष्ट. तंबाखूची भुकटी किंवा काढा किडीसाठी झाडांवर मारतात. घरचं म्हणून ते निरुपद्रवी नव्हे. निकोटीन पाण्यात सहज विरघळतं आणि माशांना मारक ठरतं. फवारायचंच तर कोरड्या दिवशी, बेतानं, आणि उरलेला काढा गटारात न ओतता.

पालापाचोळा जाळू नये, गटारात तर लोटूच नये. झाडाखाली पसरला की तोच मातीवर पांघरूण होतो आणि सरीचा मार झेलतो. स्कूटर धुवायची असेल तर फरशीवर नको, मातीवर किंवा खडीवर, साबण कमी. आणि अंगणाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलं असेल तर ते आधी तोडावं. भर पावसात रस्त्यावर चेंबर उसळून वर येतात, त्यामागं ही जोडणीही असते.

मृगाच्या आधी पंधरा दिवस मिळतात. एक कुदळ, एक घमेलं आणि रविवारची सकाळ, खळग्याला एवढं पुरतं.