काचेच्या कापडाची होडी

उणकल तळ्याच्या काठावर गिरमिट आणि मिरची भजी घेऊन बसलं, की हुबळीला समुद्र नाही याचं फारसं वाईट वाटत नाही. समुद्र गाठायचा तर अरबैल घाट उतरून अंकोला-कारवारपर्यंत जावं लागतं. इथे निदान पाणी आहे, वारा आहे आणि हौशी लोकांना फिरवणाऱ्या होड्या आहेत. अशा होड्यांना मी कित्येक वर्षं ‘प्लास्टिकच्या’ म्हणत आलो. ते अर्धंच खरं. फायबरची होडी म्हणजे कापड असतं. काचेचं कापड, थरावर थर देऊन, रेझिनमध्ये भिजवून कडक केलेलं.

हुबळी-धारवाडच्या माणसाला कापड समजावून सांगायची गरज नसते. बेंगेरीत खादी ग्रामोद्योग संघाच्या आवारात देशाचा तिरंगा शिवला जातो आणि त्याचं कापड सूत मोजून पारखलं जातं. धारवाडच्या कसुती भरतकामात धाग्याला गाठ मारत नाहीत. घरातल्या आजीला इरकल दाखवलं, की ती आधी पदराची उलटी बाजू बघते. जुनी फायबर होडी ओळखायची पद्धत नेमकी हीच आहे. वरचा रंग फसवतो, खरं काय ते आतून कळतं.

आता काच आणि कापड ही जोडीच मुळात चमत्कारिक वाटते. हातातून निसटला की ठिकऱ्या होणारा पेला ज्या काचेचा, त्याच जातीच्या काचेवर माणसं लाटांवर आदळत कशी जातात? याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली छापलेल्या निबंधात दिलं. काच मुळात दुबळी नसते, तिच्या अंगावरच्या न दिसणाऱ्या चिरा तिला मारतात. त्याने काच तापवून तिचे बारीक धागे ओढले आणि ताणून तोडले. धागा जितका बारीक, तितका तो ताकदवान. बारीक धाग्यावर मोठी चीर मावणार कुठे? केसाहून कितीतरी बारीक असा ताजा काचतंतू, जाडीच्या मानाने, साध्या पोलादापेक्षा कितीतरी पट ताण सोसतो. त्यातही गंमत म्हणजे एक धागा तुटला तर चीर पुढच्या धाग्यात सरळ घुसत नाही, मधल्या रेझिनमध्ये अडखळते. गोधडीचा एक टाका उसवला म्हणून अख्खी गोधडी उसवत नाही, तसंच.

हे धागे भरपूर आणि स्वस्तात मिळण्याची सोय मात्र एका चुकीने झाली. 1932 साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या दोन ठोकळ्यांना काचेनेच जोडण्याच्या खटपटीत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर पडला आणि म्हातारीच्या केसांसारखे तंतू उडाले. पुढे दहा वर्षांत, 1942 मध्ये, ओहायोतल्या टोलेडो गावी रे ग्रीनने काचकापड आणि पॉलिएस्टर रेझिन यांची छोटी होडी तयार केली. दुसरं महायुद्ध संपलं आणि ही विद्या घराघरांत शिरली. ‘रनअबाउट’ म्हणतात त्या होड्या याच लाटेतल्या: चार-सहा माणसांना घेऊन तळ्यात किंवा खाडीत भुर्रकन चक्कर मारून आणणाऱ्या, उघड्या, मागे मोटर लटकवलेल्या. त्याआधी असली चैन महोगनी लाकडात मिळे, दरवर्षी रोगण मागणारी. फायबरने ती मध्यमवर्गाच्या अंगणात आणून ठेवली. पाण्यावरची स्कूटरच म्हणा ना.

होड्यांच्या इतिहासात यामुळे एक उलथापालथ झाली, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. सोळाव्या शतकात विजयनगर पाहायला आलेल्या दोमिंगो पायस या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरच्या गोल, टोपलीसारख्या होड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. आत वेताचा सांगाडा, बाहेर चामडं. कोकणातल्या लाकडी होडीलाही कणा, बरगड्या आणि वर फळ्या. सांगाडा वेगळा आणि कातडी वेगळी. फायबरच्या होडीत कातडीच सांगाड्याचं मुख्य काम करते. शिवाय ती उलटीकडून जन्मते. साच्याला आतून मेण लावायचं, त्यावर पहिल्यांदा रंगीत जेलकोट, म्हणजे होडीची सगळ्यांत बाहेरची त्वचा. ती अर्धवट सुकली की मॅट (आखूड धाग्यांचा थर), रेझिन, मॅट, रोव्हिंग (जाड विणीचं काचकापड). घराला आधी डिस्टेंपर लावावा आणि मग त्याच्या मागे भिंत बांधावी, तसा हा प्रकार आहे. कारागिराला होडीचा चेहरा शेवटी, साच्यातून सुटल्यावरच दिसतो.

ही साच्याची सोयच पुढे ओळख पटवताना डोकं खाते. तयार होडी उलटी टाकून तिच्यावरूनच साचा काढता येतो. दुसऱ्याची मेहनत आठवडाभरात आपली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने या चोरीविरुद्ध कायदा केला, बोनिटो बोट्स नावाची कंपनी त्याच्या आधाराने कोर्टात गेली आणि 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो राज्याचा कायदाच रद्द ठरवला. पेटंट नसलेला आकार कुणीही घ्यावा, राज्याने आड येऊ नये, असा निकाल. 1998 साली तिथल्या संसदेने होडीच्या आकारासाठी वेगळा कायदा करेपर्यंत मैदान मोकळं होतं. कारखाने बुडत, साचे विकले जात, तीच होडी दुसऱ्या नावाने बाहेर पडे. म्हणून नुसता आकार पाहून ‘ही अमुक कंपनीची’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मग बघायचं काय? आधी मागची आडवी फळी, जिच्यावर मोटर बसते ती. 1 नोव्हेंबर 1972 नंतर अमेरिकेत बांधलेल्या होडीला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक सक्तीचा झाला. (आमच्याकडे 1 नोव्हेंबर म्हणजे राज्योत्सवाची सुट्टी, त्यामुळे तारीख विसरत नाही.) तो या फळीच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, शेवटचे अक्षर-अंक महिन्या-वर्षाचे. रंगाच्या थरांखाली तो बुजलेला असला, तर कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी. लहानपणी नाण्याचा छाप काढत असू तसा उमटतो. क्रमांक मुळातच नसेल, तर होडी त्याआधीची असण्याची शक्यता वाढते. मग फळीची उंची मोजा. जुन्या मोटरींचा दांडा सहसा 15 इंची, पुढे 20 इंची रूढ झाला आणि फळ्याही उंच होत गेल्या. मागच्या बाजूला मोटारीसारखे पंख निघाले असतील, तर तुम्ही 1950 च्या दशकाच्या अखेरीजवळ आहात. तेव्हा गाड्यांना पंख फुटले होते, होड्यांनी नक्कल केली. त्यांनी तरी का करू नये? 1953 साली शेव्हरोलेची कॉर्व्हेट फायबरच्याच अंगाने बाजारात आली होती; पाण्यावरची आणि रस्त्यावरची, दोघी एकाच घरच्या लेकी.

शेवटी आजीची रीत: उलटी बाजू. आसनाखाली, पुढच्या नाळेत, जिथे कुणी रंग लावायच्या फंदात पडत नाही, तिथे बॅटरी मारली की विणकर दिसतो. आखूड धाग्यांचं विस्कटलेलं मॅट, टोपलीसारखं जाड रोव्हिंग, कुठे रेझिन कमी पडून कोरडा राहिलेला तुकडा, आणि नंतरच्या कुणाच्या तरी ठिगळाचा वेगळा रंग. सूत वाचता येणाऱ्याला इथे होडीची अख्खी कुंडली सापडते.

आणि आता विरोधाभास. काच कुजत नाही, रेझिन कुजत नाही, तरी जुन्या फायबर होड्या कुजून मरतात. कारण काचेच्या आत लाकूड कोंडलेलं असतं. मागच्या फळीत प्लायवुड, तळाखाली लाकडी पट्ट्या, वरून फायबरचा लेप. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी एक स्क्रू मारला, त्याच्या भोकातून थेंब थेंब पाणी शिरलं, आणि बाहेर पडायला वाट नाही. लाकूड आतल्या आत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं, बाहेरून मात्र सगळं चकचकीत. ते पकडायला कान लागतात. रबरी हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर ठोकत जायचं. टणटणीत आवाज आला तर ठीक. बाजारात नारळ वाजवून घेणाऱ्याला ‘थप’ या आवाजाचा अर्थ सांगायला नको. खात्री नसेल तर आतून एक बारीक भोक पाडा. भुसा फिकट आणि कोरडा, तर लाकूड जिवंत. काळा, ओला आणि कुबट, तर फळी कापायची तयारी ठेवा. तळाला फोड आले असतील आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर पाणी थरांच्या आत शिरलंय. ते सोलून महिनोन्‌महिने वाळवायला लागतं.

दुरुस्ती म्हणजे रफू. चीर बुजवायला वर पुट्टी थापणं हे शुद्ध ढोंग आहे, पहिल्या लाटेला उघडं पडतं. चिरेच्या दोन्ही बाजू ग्राइंडरने तिरक्या घासायच्या, जाडीच्या बारापट रुंद: 6 मिलिमीटर जाडीला 72 मिलिमीटर उतार. मग त्या उथळ बशीत कापडाचे तुकडे थराथराने. मोठा आधी की छोटा आधी, यावर कारागिरांत दोन तट आहेत आणि दोघंही हट्टी. रेझिनमध्ये शंभराला एक-दोन या मापाने हार्डनर पडला, की घड्याळ सुरू. वीसेक मिनिटांत डब्यातलं द्रव्य दह्यासारखं बसू लागतं आणि डबा हाताला चटका देतो. आमच्या एप्रिलच्या उन्हात त्याहूनही लवकर, आणि जून ते सप्टेंबर ओलसर हवेत भलत्याच कटकटी. हुबळी-धारवाडात हे काम दसऱ्यानंतर काढावं. एक पथ्य अगदी कडक: पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली धरते, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. हार्डनरचा थेंब डोळा घालवू शकतो आणि काचेच्या भुकटीची खाज दोन दिवस झोपू देत नाही.

कारागीर कारवारहूनच आणावा असंही नाही. बसचे पुढचे-मागचे तोंडवळे फायबरचेच असतात, आणि ते दुरुस्त करणारे हात लॉरी-बसच्या या गावात मिळतात. फक्त त्यांना बजावून सांगायचं की नेहमीचं जी.पी. रेझिन नको, पाण्याला जास्त टिकणारं आयसो हवं.

लाकूड आणि काच यांचं जमतच नाही असं मात्र समजू नका. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 56 फुटी शिडाची होडी बांधली गेली, ती लाकडी पट्ट्यांना काचकापड आणि इपॉक्सीत लपेटून. 2009 च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. त्याच ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिला एकट्याने घेऊन मुंबईहून निघाले आणि 2010 च्या मेमध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमींनी त्याच होडीतून तोच वळसा कुठेही न थांबता घातला. तिचं नाव ‘म्हादई’. आमच्या गावात म्हादई म्हटलं की कळसा-बंडुरी पाणी योजना, मोर्चे आणि बंद आठवतात. खानापूरच्या जंगलात उगवणाऱ्या त्या नदीचं पाणी हुबळी-धारवाडच्या नळांना मिळावं की नाही, हे भांडण अजून मिटलेलं नाही. तिच्या नावाची होडी तोवर जगाला दोनदा फेरी मारून आली. लाकूड तेच, काच तीच. फरक एवढाच की इथे पाण्याला आत शिरायला भोक ठेवलं नव्हतं.

पॉलिएस्टर एकदा बसलं की पुन्हा वितळत नाही, म्हणून फायबरची होडी भंगारवालाही आनंदाने घेत नाही. तेव्हा एखाद्या धरणाच्या काठी, बंद पडलेल्या क्लबच्या मागे किंवा कुणाच्या गोदामात अशी पालथी पडलेली होडी दिसली, तर ती फोडून टाकण्याआधी मालकाची परवानगी घ्या, मागच्या फळीचा उजवा कोपरा ओल्या फडक्याने पुसा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा.