शिकाऊ उमेदवारी आणि रुग्णालयांचे मनुष्यबळ

रुग्णसेवेतले कौशल्य पुस्तकाइतकेच प्रत्यक्ष कामातून येते. एमबीबीएसनंतरची वर्षभराची आंतरवासिता याच तत्त्वावर चालते. प्रयोगशाळा सहायक, रुग्णसेवा सहायक अशा कामांसाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे.

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते.

रक्ताचा नमुना घेतल्यावर नळीवर रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक खाटेजवळच लिहायचा, ही शिस्त अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली अंगवळणी पडते. रुग्णालयालाही उमेदवाराचा हात आणि स्वभाव पारखता येतो. पुढे तोच नेमला, तर नव्याने शिकवण्याचा वेळ वाचतो. कामाची आणि सहकाऱ्यांची ओळख असल्याने त्याचे टिकणेही सोपे होते.

मात्र उमेदवाराला नोकरी देण्याची सक्ती कायदा करत नाही. प्रशिक्षणानंतर नियमित पद आणि रास्त वेतन देणारे रुग्णालयच घडवलेली माणसे राखू शकते.