आमच्या घरचे मत्कुणपुराण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघर लक्ष्मीला आवाहन होते. ये, बैस, येथेच स्थिर हो, असे आपण तिला विनवतो. पण एका जुन्या संस्कृत सुभाषितकाराचे म्हणणे खरे मानले, तर ती कोणाच्याही घरी मुक्कामाला धजणार नाही. लक्ष्मी कमळात निजते, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात. या तिघांनी अशा गैरसोयीच्या जागा का निवडल्या? तर अंथरुणातल्या मत्कुणांच्या, म्हणजे ढेकणांच्या, भयाने! पंधरा-वीस वर्षे मी हे सुभाषित वर्गात सांगत आले आहे. मुले हसतात, मीही हसते. यंदा जुलैत मात्र ते सांगताना माझा हात नकळत मानेवरच्या लाल चट्ट्याकडे गेला आणि हसू ओठांतच राहिले.

होय, वाचकहो, दिवाळी अंकात चकली का बिघडते हे यावे, आकाशकंदील कसा करावा हे यावे. ढेकणांवर कोणी लिहावे? पण ज्याविषयी चारचौघांत बोलायचे नाही असे आपण ठरवून टाकतो, ते त्या मौनावरच पोसते. हे मी या वर्षी शिकले, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कोणी मोजली. म्हणून हे लिहीत आहे.

वळकट्यांचे गाव

आम्ही राहतो देवळाली कॅम्पात. येथली हवा कोरडी आणि निरोगी, म्हणून मुंबईकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या येथे हवापालटाला येत आली. लॅम रोडच्या बाजूची जुनी सॅनिटोरियमे आणि बंगले त्याची साक्ष देतात. त्याही आधी, १८६१ साली, इंग्रजांनी येथे लष्कराचा तळ वसवला. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने पडून राहत. त्या रिकामपणाने त्यांची डोकी फिरत, असे सांगतात. त्यावरून आपल्या देवळालीचे इंग्रजीत ‘डूलाली’ झाले आणि भ्रमिष्ट माणसाला ते विशेषण चिकटले. मूळ प्रयोगात त्यापुढे ‘टॅप’ असा शब्द असे. तो आपला ‘ताप’च होय.

आजही गावाची प्रकृती तीच आहे. तोपखान्यातल्या कुटुंबांच्या बदल्या होतात, पाहुणे येतात, जुने सामान विकले जाते, नवे भाडेकरू येतात. आणि जेथे ट्रंका व वळकट्या फिरतात, तेथे ढेकूण फिरतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. थोडेफार चालण्यापलीकडचा त्याचा सारा प्रवास दुसऱ्याच्या सामानातून होतो. एवढी साधी गोष्ट मला वेळेवर सुचली असती, तर पुढचा अनर्थ टळला असता.

चोर सोडून संन्याशाला

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मी आठ दिवस परगावी राहून आले. जूनच्या मध्यावर माझ्या मानेवर आणि दंडावर चट्टे उठू लागले. प्रथम डासांवर खापर फुटले आणि मच्छरदाणी आली. सासूबाई म्हणाल्या, “पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव.” ते लावले. डॉक्टरांचे मलम झाले. याच पलंगावर निजणाऱ्या आमच्या यजमानांच्या अंगावर मात्र एकही चट्टा नव्हता. तेव्हा दोष माझ्याच रक्तात आहे, असा निर्णय झाला. ढेकूण दोघांनाही चावतो, पण काहींच्या अंगावर त्याची खूणच उमटत नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

एके रात्री तीनच्या सुमारास मी दिवा लावला. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावरून मसुराच्या दाण्याएवढा एक तांबूस जीव संथपणे चालला होता.

त्या क्षणी मनात आले, लोक काय म्हणतील? घरात ढेकूण म्हणजे घरच्या बाईचा आळस, हे समीकरण आपल्याकडे पक्के आहे. आणि कॉलेजात शिकवणाऱ्या बाईच्या बाबतीत तर विचारूच नका! पाठोपाठ दुसरा प्रश्न आला : हे आणले कोणी? उत्तर शोधायला मला पळभरही लागला नाही. आमच्याकडे अकरा वर्षे कामाला येणाऱ्या मावशी भगूरच्या बाजूला सहा खोल्यांच्या एका चाळीत राहतात. उन्हाळ्यात चहा पिता पिता त्यांनीच सांगितले होते की, चाळीत ढेकूण झाले आहेत आणि रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

सकाळी मी त्यांना म्हणाले, “मावशी, तुमची पिशवी आता बाहेरच ठेवत जा. आणि पलंगावर बसू नका.”

त्यांनी हातातले भांडे खाली ठेवले. “कधी बसले ताई मी पलंगावर?” एवढेच बोलल्या. राहिलेली भांडी घासून, पालथी घालून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाहीत.

खुणा काय सांगतात?

शोधमोहीम सुरू केली ती सासूबाईंनी. “ढेकूण दिवसा दिसायचा नाही,” त्या म्हणाल्या, “त्याच्या खुणा बघ.” एक विजेरी आणि फटीत सरकवायला एक जुने पोस्टकार्ड, एवढी आमची आयुधे.

खुणा चार. पहिली, गादीच्या शिवणीवर आणि पलंगाच्या सांध्यांत शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके. ही ढेकणाची विष्ठा, ओल्या बोळ्याने पुसली की पसरते. दुसरी, कात. अंड्यातून निघाल्यापासून मोठा होईपर्यंत ढेकूण पाच वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्त प्यावे लागते. तिसरी, खसखशीच्या दाण्याएवढी पांढरी अंडी, फटीत डिंकाने चिकटवल्यासारखी. चौथी म्हणजे प्रत्यक्ष तो : चपटा, तपकिरी, पाच ते सात मिलिमीटरचा, रक्त प्यायला की लांबट आणि लालभडक. पिल्ले इतकी फिकट की पांढऱ्या चादरीवर दिसतही नाहीत. नुसत्या चट्ट्यांवरून निदान करू नये. डास, पिसू, पित्त सारे सारखेच दिसते. खूण सापडल्याखेरीज कोणाला ढेकूण म्हणू नये, आणि कोणामुळे झाला हेही म्हणू नये.

आम्ही घराचा नकाशाच काढला. सर्वांत दाट खुणा पलंगाच्या उशाकडच्या फळीत, माझ्या बाजूला. बैठकीत तुरळक. स्वयंपाकघरात, जेथे मावशींची पिशवी अकरा वर्षे एकाच खिळ्याला टांगलेली असे, तेथे एकही नाही. शेवटी पलंगाचा खण उघडला. आत माझी मे महिन्यातली प्रवासाची बॅग होती. तिच्या चेनच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग, अस्तराच्या शिवणीत काती आणि अंडी!

परगावच्या त्या खोलीत ही बॅग आठ दिवस खाटेखाली होती. घरी आल्यावर वरवर रिकामी करून मीच ती माझ्या उशाखालच्या खणात ढकलली होती. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, हे मी मुलांना वाक्यात उपयोग करून दाखवायला सांगते. यापेक्षा चांगला उपयोग मला आता सुचत नाही.

पंचतंत्रात राजाच्या शय्येतल्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेची गोष्ट आहे. पाहुणा म्हणून आलेला ढेकूण उतावळेपणाने राजाला चावतो आणि फटीत पळतो. सेवकांच्या हाती सापडते ती ऊ, आणि प्राणाला मुकते. अनोळख्याला आसरा देऊ नये, असे तात्पर्य आपण सांगतो. मला यंदा त्यातले दुसरे दिसले : चावणारा एक, मारला जाणारा दुसरा.

गंमत अशी की, ढेकणावरही एकदा असाच आळ आला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी काळा-आजार ढेकणामुळे पसरतो, असा कयास मद्रासकडे संशोधन करणाऱ्या पॅटन या डॉक्टरांनी केला. पुढे १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी तो रोग एका बारीक माशीमुळे, सँडफ्लायमुळे, पसरतो हे सिद्ध केले. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग जडतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. तो झोप घालवतो, खाज आणतो आणि माणसामाणसांत वितुष्ट आणतो. यातले शेवटचे मात्र त्याचे एकट्याचे काम नव्हे.

“आधी पलंग खोलू”

त्या रविवारी मी मावशींकडे गेले. दारातच म्हणाले, “मावशी, ढेकूण मी आणले. माझ्या बॅगेतून. तुम्हांला उगाच बोलले. माझं चुकलं.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्याकडं झाले तवा मी पण शेजारणीलाच बोलले व्हते ताई. ती अजून बोलत नाही माझ्याशी.” चहा टाकून पुढे म्हणाल्या, “येते मी उद्या. पण आधी पलंग खोलू. पलंग खोलल्याबिगर ढेकूण जात नाही.”

आमच्या घरात तोवर तीन सल्ले येऊन पोचले होते. पहिला, सांध्यांत रॉकेल ओता. लाकडी पलंग, रॉकेल आणि देवघरातले निरांजन यांचा मेळ मला पसंत पडला नाही. दुसरा, बाजारातले औषध फवारा. आमच्या सासूबाईंच्या लहानपणी डीडीटीने ढेकूण पटापट मरत. १९५३ पासून मलेरियाच्या मोहिमेत गावोगावच्या भिंतींवर ते फवारले गेले. पण हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरच्या बराकींत १९४७ सालीच त्याला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. पुढे जगभर तेच झाले, आणि आजच्या नेहमीच्या फवाऱ्यांनाही पुष्कळ ढेकूण जुमानत नाहीत. अर्धवट फवारणीने ते मरत नाहीत, शेजारच्या खोलीत पांगतात.

तिसरा सल्ला सर्वांत घातक. एका हितचिंतकांनी धान्याच्या कोठारात ठेवतात त्या गोळ्या कागदाच्या पुडीत आणून दिल्या. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून दमट हवेत फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या घरातही शिरतो. ढेकणांसाठी घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी माणसे दगावली आहेत. आमच्या चिरंजीवांना दमा आहे. पुडी आल्या पावली परत गेली.

राहिला मावशींचा मार्ग, म्हणजे उष्णता आणि चिकाटी. पन्नास अंश सेल्सिअसच्या घरात ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. एप्रिल-मे असता तर कपडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गच्चीवर तापवता आले असते. नुसत्या उन्हात टाकलेल्या गादीतले ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, आणि जाड गादीचा गाभा तर तापतच नाही. पण जुलैत देवळालीला ऊन कुठले? चादरी, अभ्रे, परकर सारे कढत पाण्यातून काढले; वाळल्यावर शिवणींवरून कडक इस्त्री फिरवली. पलंगाचा एकेक नट सोडवला, फळ्या जुन्या ब्रशाने घासल्या, सांध्यांतून उकळते पाणी सोडले आणि लाकूड सुकल्यावर भेगा पुट्टीने बुजवल्या. गादीला पूर्ण बंद होणारी चेनची खोळ घातली. उपाशी ढेकूण महिनोन्‌महिने जगतो, म्हणून ती वर्षभर काढायची नाही. उशाशी असलेले दोन जाडजूड शब्दकोश पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले. उणे अठरा अंशांत चार दिवस काढल्यावर ढेकूण उरत नाही. नाशिकची थंडी मात्र त्याला मारीत नाही, नुसती सुस्त करते.

मग पलंग भिंतीपासून वीतभर दूर घेतला, चादर जमिनीला टेकू दिली नाही आणि चारही पायांखाली काचेच्या खोल वाट्या ठेवल्या. गुळगुळीत काचेवर ढेकणाला चढता येत नाही. वाटीत पडलेला तेथेच सापडतो. रोज सकाळी वाट्या पाहणे हे माझे काम. खोली सोडून दुसरीकडे निजायचे नाही, ही मावशींची सक्त ताकीद. कारण माणूस जाईल तेथे, त्याच्या उबेच्या आणि श्वासाच्या मागावर, ढेकूणही जातो. अंडी उबेत आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा तपासणी, पुन्हा कढत पाणी. पहिल्या आठवड्यात वाट्यांत नऊ सापडले, चौथ्यात एक, सातव्यापासून एकही नाही.

एवढ्याने भागले नाही, तर जाणकार कीटकनाशक माणूस बोलवावा. पण औषध कोणते, घराबाहेर किती वेळ राहायचे आणि पुन्हा केव्हा येणार, हे आधी विचारावे. पुन्हा न येणाऱ्याला बोलावूच नये.

आता मी प्रवासात बॅग खाटेखाली ठेवत नाही. आधी उशाकडची फळी आणि गादीची शिवण पाहते. घरी आल्यावर बॅग दाराबाहेरच रिकामी होते. जुना पलंग स्वस्तात मिळाला, तरी सांधे खोलून पाहिल्याशिवाय घरात आणत नाही.

आमचे घर सुटले, पण मावशींच्या चाळीतले ढेकूण तसेच होते. एका खोलीने कितीही झटले, तरी भिंतीपलीकडून ते परत येत. सप्टेंबरातल्या एका रविवारी सहाही खोल्यांनी एकाच दिवशी पलंग आणि खाटा अंगणात काढल्या. कोणाच्या खोलीतून सुरू झाले, हे विचारायचे नाही, एवढाच नियम मावशींनी घातला. मी, यजमान आणि चिरंजीव चार मोठी पातेली, पाने-पेचकस घेऊन गेलो होतो. दुपारी मावशींच्या त्या शेजारणीने न बोलताच आपल्या चुलीवरचे उकळते पाणी मावशींच्या खाटेवर आणून ओतले. “दुसऱ्या पायाला पण घाल गं,” मावशी म्हणाल्या. बोलणे तेथून सुरू झाले.

त्यानंतरही दर रविवारी तपासणी चालूच आहे. दोन खोल्यांत अजून अधूनमधून एखादा सापडतो. यंदा पाडव्याला आम्ही फराळाचे ताट घेऊन तिकडे जाणार आहोत. मावशींनी कालच बजावले आहे, “या, पण पिशवी झटकून आणा बरं का, ताई.”