घरून काम करताय? करात काय वाचतं ते पाहा

वीज घरची, वायफायचं बिल आपणच भरायचं आणि कामाला बसायची खुर्चीसुद्धा आपल्याच पैशांची. मग या खर्चावर आयकरात काही सूट मिळते का? घरून काम करणाऱ्या अनेकींना हा प्रश्न पडतो. कोरोनाकाळात ब्रिटनमध्ये आठवड्याला ६ पाउंड, तर कॅनडात दिवसाला २ डॉलर अशी ठरावीक वजावट मिळत होती. परदेशातल्या नातेवाइकांकडून हे ऐकलं की आपल्याकडेही तसंच असेल असं वाटतं.

भारतात मात्र नोकरदारांसाठी घरून काम करण्याची अशी वेगळी वजावट नाही. तरीही काही मार्ग आहेत. त्यासाठी आधी हे पाहा, तुम्ही पगारदार आहात की फ्रीलान्सर?

पगारदार असाल तर

स्टँडर्ड डिडक्शन सर्व पगारदारांना मिळतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ते नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये आणि जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये आहे. त्यासाठी एकही बिल लागत नाही.

इंटरनेटसाठी कंपनी पगारात ठरावीक भत्ता देत असेल तर त्यावर कर लागतो. तोच खर्च कामाच्या फोन-इंटरनेटच्या बिलांवर कंपनीने परत दिला, तर तो करपात्र धरला जात नाही. कंपनीने वापरायला दिलेल्या लॅपटॉपवरही कर नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एचआरशी बोला. पगाराची रचना मार्चअखेरीस बदलता येत नाही.

घरभाडं विसरू नका

एचआरएची सूट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. समजा, तुम्ही दिल्लीत हिंदूराव भागात २०,००० रुपये भाड्याने राहता. मूळ पगार ७०,००० आणि एचआरए २८,००० रुपये आहे. भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के, म्हणजे ७,००० वजा केले की उरले १३,०००. मिळालेला एचआरए, हे १३,००० आणि दिल्लीसाठी मूळ पगाराच्या ५० टक्के, या तिन्हींत सर्वात कमी रकमेवर सूट मिळते. इथे ती वर्षाला १,५६,००० रुपये होईल. नोएडा-गुरुग्राममध्ये राहत असाल तर ५० ऐवजी ४० टक्के धरा.

घरून काम करायला आईवडिलांकडे राहायला गेला असाल आणि घर त्यांच्या नावावर असेल, तर त्यांना भाडं देऊनही ही सूट घेता येते. पण भाडं खरोखर द्यायला हवं, तेही बँकेतून. आईवडिलांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, मग घरमालक वडील का असेनात!

फ्रीलान्सर असाल तर

खरी सोय इथे आहे. कामासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो, नव्या प्रणालीतही. इंटरनेट, वीज, भाडं यांचा कामापुरता वाटा धरा. सगळं घर दाखवू नका. लॅपटॉपवर ४० टक्के घसारा मिळतो. कामासाठीच घेतलेला ६०,००० रुपयांचा लॅपटॉप त्या वर्षी किमान १८० दिवस वापरला, तर पहिल्या वर्षी २४,००० रुपये वजा होतील. बिलं तुमच्या नावाची हवीत.

आयटी, इंटिरिअर डेकोरेशन, वकिली अशा ठरावीक व्यवसायांना वेगळी सोपी वाट आहे. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल तर तिच्यातले निम्मे पैसे उत्पन्न म्हणून दाखवता येतात. मग वेगळा खर्च मात्र मागता येत नाही.

कापलेला टीडीएस परत मिळवा

सर्वात जास्त नुकसान होतं ते इथेच. समजा, घरी बसून तुम्ही महिन्याला ४०,००० रुपये कमावता आणि कंपनी १० टक्के टीडीएस कापते. वर्षाला ४८,००० रुपये गेले. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर ही सगळी रक्कम परत मिळू शकते. पण रिटर्न भरलं तरच! 'माझी कमाई एवढीशी, रिटर्न कशाला?' असं म्हणत अनेकजणी हे पैसे तसेच सोडून देतात.

आयकर पोर्टलवर तुमचा फॉर्म २६एएस उघडा आणि किती टीडीएस जमा झालाय ते पाहा. दोन्ही प्रणालींत हिशोब करा, गरज वाटली तर सीएला विचारा आणि मुदतीत रिटर्न भरा. घरातल्या कोपऱ्यात बसून कमावलेला पैसाही कमाईच आहे, त्याचा हिशोबही तुमच्याच हाती असू द्या.