जोडव्याखालचा काळा डाग की अंगात भिनलेली चांदी? फरक असा ओळखा

अहमदपूर : पैंजण, जोडवी, करदोडा. आपल्याकडं चांदी नाही असं घर सापडणं अवघड. घामानं ती काळी पडते आणि खालची कातडीही काळसर दिसते. मग काही जण घाबरतात, अंगात काही दोष आहे का म्हणतात. दुसरीकडं ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून चांदीचं औषधी पाणी बिनधास्त पिणारेही आहेत. खरा धोका दागिन्यात कमी आणि पोटात जाणाऱ्या चांदीत जास्त आहे.

कातडी निळी का पडते?

चांदीचे क्षार बराच काळ शरीरात जात राहिले तर त्यांचे बारीक कण कातडीत साठतात. उन्हाच्या उजेडानं ते काळे होतात, जुन्या कॅमेऱ्याची फिल्म उजेडात काळी पडायची तसंच. त्यामुळं चेहरा आणि हात आधी राखाडी-निळे दिसतात, कपड्याखालचा भाग कमी. या विकाराला ‘आर्जिरिया’ म्हणतात.

किती गंभीर? ढोबळमानानं चार पायऱ्या

१) धुतल्यावर जातं : घाम आणि चांदीचा वरवरचा थर. साबणानं निघतो. हा आजार नाही.

२) एकाच जागी निळा ठिपका : कानातल्या चांदीमुळं छिद्राजवळ, किंवा चांदीकाम करणाऱ्याच्या बोटात बारीक कण रुतल्यानं. धुऊन जात नाही, पण तब्येतीला सहसा धोका नसतो.

३) हिरड्या, नखं : हिरड्या राखाडी-तपकिरी होतात, नखाच्या मुळाशी निळसर झाक येते. चांदी पोटात जात असेल तर ही पहिली खूण असू शकते. इथंच थांबायला पाहिजे.

४) चेहरा, हात, डोळ्याचा पांढरा भाग : चांदी सर्वांगात पसरली आहे.

चौथ्या पायरीवरून मागं येणं फार अवघड. रंग आपोआप उतरत नाही. शरीरातली चांदी बाहेर काढणारं खात्रीचं औषध नाही. लेसरनं काहींना फरक पडतो, पण तो उपचार दुखरा आणि खर्चिक आहे.

अमेरिकेतले पॉल कॅरासन घरी बनवलेलं चांदीचं पाणी कित्येक वर्षं पीत होते. चेहरा निळा पडला आणि २०१३ मध्ये मरेपर्यंत तो निळाच राहिला. तिथल्या औषध प्रशासनानं १९९९ मध्येच सांगितलं होतं की अशी उत्पादनं औषध म्हणून सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.

मग पेढ्यावरचा वर्ख?

आपल्या अन्न नियमानुसार वर्खातली चांदी ९९९ शुद्धतेची असावी आणि वजन चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंतच. म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरच्या वर्खात जास्तीत जास्त २८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आयुष्यभरात पोटात गेलेली सुमारे १० ग्रॅम चांदी अपाय न करणारी आहे. त्यामुळं सणासुदीच्या पेढ्याला किंवा बाळाच्या चांदीच्या वाटीला घाबरू नका. रोज घेतलं जाणारं चांदीचं पाणी किंवा भस्म मात्र जाणकार डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. भाजल्यावर लावायचं चांदीचं मलमसुद्धा मोठ्या जखमेवर महिनोन् महिने स्वतःच्या मनानं लावू नका.

निळेपणाची दुसरी कारणंही असतात

ओठ, नखं अचानक निळी पडली आणि दम लागत असेल तर तो चांदीचा प्रकार नाही. हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. कुष्ठरोगाच्या गोळ्यांनीही कातडी तांबूस-काळी होते, पण कोर्स संपल्यावर तो रंग हळूहळू उतरतो. रंगाला घाबरून गोळ्या बंद करू नका.

कुठं दाखवायचं?

आधी अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज पडली तर लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग तज्ज्ञांना. कातडीचा छोटा तुकडा तपासला की चांदीचे कण दिसतात. जाताना घेत असलेली प्रत्येक बाटली, पुडी, मलम सोबत न्या. आणि शंका आली त्या दिवसापासून ते घेणं बंद करा, कारण चढलेला रंग उतरत नाही, पण पुढं चढणारा थांबवता येतो.