गाडीची चावी: कापली म्हणजे झाली?

फुटपाथवरच्या चावीवाल्याकडून हुबेहूब कापून आणलेली चावी दरवाजा उघडते, स्टार्टरही फिरवते. इंजिन मात्र क्षणभर धरतं आणि बसतं. मग त्या चावीवाल्याच्या नावाने बोटं मोडली जातात. त्याची चूक नसते. पातं त्याने बरोबर कापलेलं असतं. पात्याने गाडी सुरू होते, हा आपलाच गैरसमज.

चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक छोटी चिप असते. कुलुपाभोवतीच्या कॉइलमधून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही, तर इमोबिलायझर इंजिन चालू देत नाही. कंपन्यांनी पैसे उकळायला काढलेली ही टूम नव्हे. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, तो चोऱ्यांना आळा घालण्यासाठी. मारुतीच्या जुन्या गाड्यांवर ‘आयकॅट्स’ लिहिलेलं असायचं, ती हीच व्यवस्था.

यातूनच दुसरा समज फुटतो: रिमोटचा सेल संपला की गाडी अडली. चिपला सेल लागतच नाही. तो फक्त लॉक-अनलॉकच्या बटणांसाठी. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीतही रिमोटच्या पोटात दरवाजासाठी धातूची चावी दडवलेली असते आणि सेल मेला असला तरी रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला की बहुतेक गाड्या सुरू होतात. सेल बहुधा सीआर 2032 असतो: 20 मिलिमीटर व्यासाचा, 3.2 मिलिमीटर जाडीचा, घड्याळजीकडेही मिळणारा. तेवढ्यासाठी नवा रिमोट घेऊ नका. बटणांचं रबर फाटलं असेल तर नुसतं कवच बदला, पण जुनं फेकण्याआधी आत नीट पाहा. चिप बऱ्याचदा वेगळ्या खोबणीत बसवलेली असते आणि कवचाबरोबर कचऱ्यात जाते. हे मी स्वतः केलं आहे. पाच मिनिटांच्या कामापायी नंतर अर्धा दिवस कचऱ्याचा डबा उपसला.

‘हे काम शोरूमच करू शकतं’ हेही पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत खरं नाही. डायग्नोस्टिक पोर्टला यंत्र जोडून चावी नोंदवून देणारे स्वतंत्र कारागीर शहरांत सापडतात. काही नव्या गाड्यांना मात्र कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते, तिथे इलाज नाही. भाव विचारताना पातं, चिप, रिमोट आणि प्रोग्रामिंग धरून एकूण किती, असं विचारा. जादा चावी कपाटातच राहणार असेल तर रिमोट नसलेली, नुसत्या चिपची चावी स्वस्तात पडते. ऑनलाइन मिळणारा जुना रिमोट स्वस्त दिसतो, पण त्यातली चिप अनेकदा आधीच्या गाडीला कायमची बांधलेली असते. आणि जो कारागीर आरसी, ओळखपत्र काहीच न विचारता चावी बनवून देतो, त्याच्यापासून लांब राहा.

खरी बचत आहे ती वेळेत. एक चावी चालू असताना दुसरी बनवणं सोपं. सगळ्याच हरवल्या की गाडी टो करा, इमोबिलायझरचा पिन मिळवा, कधी त्याचा डबा उघडून मेमरी वाचा, आणि बिल फुगत जातं. तरीही पूर्ण लॉकसेट बदलायलाच हवा असं नाही. हरवलेल्या चावीची नोंद गाडीतून पुसता येते. ती ज्याला सापडेल त्याला दरवाजा उघडता येईल, इंजिन सुरू करता येणार नाही. अट एकच: नवी चावी गाडीत स्वतंत्र नोंदवलेली हवी, क्लोन नको. क्लोनची आणि मूळ चावीची ओळख एकच, त्यामुळे एक पुसली की दुसरीही जाते. बनवून घेतानाच हे विचारून घ्या. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर आधीच्या मालकाच्या जुन्या चाव्या पुसून घ्याव्याच.

विम्यात चावीचा खर्च आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. आणि गाडी चोरीला गेल्यावर दावा करताना विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर तिची पोलिसांत नोंद त्याच आठवड्यात करा आणि पावती आरसीजवळच जपून ठेवा. फक्त गाडीत ठेवू नका.